पॅच तयार होता, तरीही…
सुरक्षित संगणक : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण व्हायरस आणि वर्म यांतला फरक पाहिला. व्हायरस पसरायला कुणीतरी फाइल उघडावी लागते. वर्मला माणसाच्या हाताची गरजच नसते; संगणक सुरू आहे आणि नेटला जोडलेला आहे, एवढं त्याला पुरतं. या जातीचा एक गाजलेला नमुना आज उलगडून पाहू : २००३ सालचा ‘ब्लास्टर’.

११ ऑगस्ट २००३ पासून जगभरच्या विंडोज एक्सपी संगणकांवर एक चौकट झळकू लागली. संगणक बंद होतो आहे, काम सेव्ह करा, असा इशारा आणि त्याखाली ६० सेकंदांपासून उलटी मोजणी. संगणक पुन्हा सुरू करून नेट जोडलं की थोड्याच वेळात तीच चौकट पुन्हा हजर. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या मोटार वाहन खात्याला तर दुसऱ्या दिवशी आपली कार्यालयं बंद करावी लागली.

आत काय चाललं होतं? एका संगणकावरच्या प्रोग्रामला दुसऱ्या संगणकाकडून काम करवून घेता यावं, म्हणून विंडोजमध्ये आरपीसी नावाची सेवा असते. ती १३५ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्या मागण्या स्वीकारते. मागणीतल्या मजकुराची लांबी मात्र ती नीट तपासत नव्हती. जास्तच लांब मजकूर आला तर तो नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडायचा आणि त्यात दडवलेल्या सूचना संगणक आपल्याच समजून पाळायचा. ब्लास्टर नेमकं हेच करी. आत शिरल्यावर तो एमएसब्लास्ट नावाची जेमतेम ६ केबीची फाइल उतरवून घेई, संगणक सुरू होताच ती चालावी अशी नोंद ‘विंडोज ऑटो अपडेट’ या साळसूद नावाने करी आणि लगेच पुढचे पत्ते धुंडाळू लागे.

समोर एक्सपी आहे की विंडोज २०००, हे त्याला कळत नसे. तो अंदाजाने हल्ला चढवी आणि अंदाज चुकला की आरपीसी सेवाच कोसळे. तिच्याविना एक्सपीचं चालत नाही, म्हणून ती उलटी मोजणी. म्हणजे चौकट दिसली याचा अर्थ वर्म आत शिरलाच असा नव्हता; पण दार उघडं आहे, एवढं नक्की होतं.

ब्लास्टरचा दुसरा डाव होता एक वेबसाइट पाडण्याचा. लागण झालेले सगळे संगणक १६ ऑगस्टपासून विंडोजअपडेट.कॉम या पत्त्यावर खोट्या जोडणी-विनंत्यांचा मारा करणार होते. अशा प्रत्येक विनंतीला सर्व्हर उत्तर देतो आणि पुढच्या निरोपाची वाट पाहत थांबतो. तो निरोप कधी येतच नाही. अशा अर्धवट जोडण्या साचल्या की खऱ्या वाचकाला जागा उरत नाही. सुदैवाने हा पत्ता खऱ्या अपडेट साइटकडे पाठवणारा नुसता दुवा होता. मायक्रोसॉफ्टने आदल्या दिवशी तो पत्ताच बंद केला. मूळ साइट वेगळ्या पत्त्यावर सुरू राहिली आणि हल्ला वाया गेला.

या प्रकरणात मनाला लागते ती गोष्ट वेगळीच आहे. ‘लास्ट स्टेज ऑफ डिलिरियम’ या पोलंडमधल्या संशोधक गटाने हा दोष आधीच हेरला होता आणि मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला त्यावरचा पॅच दिलाही होता. वर्म आला तो त्यानंतर २६ दिवसांनी. एक्सपीमध्ये फायरवॉलही होती, पण मुळात बंद ठेवलेली. ती आपोआप सुरू राहू लागली २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून.

नंतरही तेच घडलं. विंडोजमधल्या दुसऱ्या एका दोषावर १४ मार्च २०१७ ला पॅच आला, तरी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषातून शिरून ब्रिटनमधली रुग्णालयं अडवली. जूनअखेरीस आलेल्या ‘नॉटपेट्या’ने पसरण्यासाठी इतर वाटांबरोबर हीच वाट वापरली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या, मर्स्क समूहाकडच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

संगणकाला वर्मची लागण झाल्याचा संशय आला, तर क्रम चुकवू नका. आधी नेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. मग फायरवॉल सुरू आहे ना, ते पाहा. दुसऱ्या, निरोगी संगणकावरून पॅच आणून बसवा आणि त्यानंतरच वर्म काढा. पॅच न लावता नुसती साफसफाई करणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून जमीन पुसत बसणं. घरात किंवा कार्यालयात बाकीचे संगणक असतील, तर तेही तपासा; एक जरी सुटला तरी तो उरलेल्यांना पुन्हा गाठतो.

आणि संशय येण्याची वाट कशाला पाहायची? स्वयंचलित अपडेट सुरू ठेवा. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबायची सवय सोडा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमच्या दुकानात, शाळेत किंवा दवाखान्यात ती प्रणाली अजून असेल, तर ती बदलण्याचा किंवा वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याचा निर्णय याच महिन्यात घ्या. त्या संगणकात तुमच्या एकट्याची नव्हे, तर गिऱ्हाइकांची, विद्यार्थ्यांची आणि रुग्णांची माहिती असते.

पुढच्या आठवड्यात : बॅकअप कसा घ्यावा, कुठे ठेवावा आणि तो खरोखर चालतो का, हे कसं तपासावं.