घरी बाबा, हाती पत्ते

शिरूर, प्रतिनिधी - आई रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आणि वडील घरी मुलांपाशी, अशी घडी शिरूर-दौंडमधील एखाद्या घराने बसविली, तर बाळ झोपल्यावर मोबाईलवर पोकर खेळून चार पैसे मिळवावेत, असा मोह वडिलांना पडू शकतो. मात्र या मिळकतीवर घरखर्च चालविणे आधीपासूनच अवघड होते. समजा, चौघांनी प्रत्येकी शंभर रुपये लावले आणि कंपनीने पाच टक्के कापले, तर जिंकणाऱ्याच्या हाती ३८० रुपयेच येतात. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के प्राप्तिकर, तर खेळण्यासाठी भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला. शिवाय डावात काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. रडणारे मूल तेवढेही थांबत नाही.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे चोरून चालणाऱ्या संकेतस्थळावर पैसे अडकले, तर दाद मागणेही कठीण. पाळणाघराचा वाचणारा खर्च हीच अशा वडिलांची खात्रीची कमाई होय.