जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि एका अक्षराची चूक

समजा, वाशीम जिल्ह्यातील इंझोरीच्या एखाद्या शिक्षकाच्या हाती जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आला. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम मंडळी, आपला संदेश दूरवर पोचावा म्हणून असे यंत्र ट्रान्समीटरला जोडत. सोबत दुरुस्तीवरचा एक लेखही मिळाला. त्यात लिहिले आहे : 'फिल्टरचा कंडेन्सर ३२ एमएफ, त्याला समांतर रोध १०० एम. वीज बंद करून पाच मिनिटे थांबावे व काम सुरू करावे.' यावर विसंबावे का?

अशा यंत्रात व्हॉल्व्हला २,५०० व्होल्टपर्यंत दाब दिलेला असू शकतो. हा दाब स्थिर राहावा म्हणून कंडेन्सर विद्युतप्रभार साठवतो. स्विच बंद केला तरी प्रभार तिथेच राहतो. तो वाहून जावा म्हणून समांतर रोध जोडतात. त्याला ब्लीडर म्हणतात.

आता अक्षरांकडे वळू. जुन्या अमेरिकन आकृत्यांत एमएफ म्हणजे मायक्रोफॅरड असे. आज त्याचा अर्थ मिलिफॅरड, म्हणजे हजारपट होतो. रोधापुढचा 'एम' काही आकृत्यांत हजार ओहमसाठी असे. आज तो मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम. लेखकाने आकृती तशीच उतरवली, तर वाचक काय बसवील?

साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले दाबाचा वर्ग, भागिले दोन. ३२ मायक्रोफॅरडला ती १०० ज्यूल येते. दहा किलोचे पोते एक मीटर उचलण्याइतकी ही ऊर्जा क्षणार्धात छातीतून गेली, तर जीव जाऊ शकतो. मिलिफॅरड धरले, तर उत्तर १ लाख ज्यूल! टेबलावरच्या यंत्राला ते शोभत नाही, म्हणून ही चूक लगेच कळते.

रोधाची चूक मात्र गप्प बसते, कारण यंत्र चालू राहते. रोध गुणिले धारकता हा कालस्थिरांक. १ लाख ओहमला तो ३.२ सेकंद, त्याच्या पाचपट, म्हणजे १६ सेकंदांत दाब एक टक्क्याहून कमी होतो. १०० मेगाओहमला तो ३,२०० सेकंद. मग सांगितलेली पाच मिनिटे संपतात, तेव्हा कंडेन्सरवर सुमारे २,२७५ व्होल्ट शिल्लक असतात!

शिवाय जुना ब्लीडर आतून तुटलेला असेल, तर बरोबर आकडाही कामाचा नाही. म्हणून चांगला लेख नुसते 'थांबा' म्हणत नाही. एकके पूर्ण लिहितो, दाब त्या क्षमतेच्या मीटरने मोजायला सांगतो (साधा मल्टिमीटर २,५०० व्होल्टसाठी नसतो) आणि रिकामा केलेला कंडेन्सरही काम संपेपर्यंत जोडून ठेवायला सांगतो, कारण त्यावर थोडा दाब पुन्हा चढतो. हे काम जाणकाराचेच. शाळेत असे यंत्र उघडू नये.

वर्गात मात्र हेच तत्त्व निर्धोकपणे पाहता येते. ९ व्होल्टची बॅटरी, १,००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कंडेन्सर व १० हजार ओहमचा रोध घ्या. धन-ऋण टोके नीट जोडा. बॅटरी काढून दर पाच सेकंदांनी दाब नोंदवा. दहा सेकंदांनी तो सुमारे ३.३ व्होल्ट यायला हवा. मग रोध दहापट करून पाहा आणि विद्यार्थ्यांना विचारा : लेखातले एक अक्षर चुकले, तर काय होईल?