शटरची गती आणि फोटोग्राफीचा धंदा

लग्नसराईत या धंद्यात उतरणारे आपले अनेक तरुण कॅमेऱ्यावर मोठी रक्कम घालतात आणि शटरची गती मात्र 'ऑटो'वर सोडतात. निकाहची मजलिस पुन्हा भरत नाही. मुबारकबाद देतानाची गळाभेट पुसट आली तर गिऱ्हाईक पैसे कापणारच.

हिशेब साधा आहे. शटर जितका कमी वेळ उघडे, तितकी हालचाल जागीच थांबते. शांत बसलेल्या माणसाला सेकंदाचा १/६० भाग पुरतो, गळाभेटीला १/२५० हवा, धावत्या मुलांना १/५००. वेळ निम्मा केला की प्रकाशही निम्मा. मग आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला चेहरा नाही.

हॉलच्या दिव्यांची वेगळीच खोड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. तेथे १/१०० वर या, गळाभेट फ्लॅशवर घ्या.

पुसटपणालाही भाव आहे! नवरदेवाची गाडी निघताना १/३० ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवा; गाडी स्पष्ट, मागचा रस्ता रेषारेषांचा. पहिले बरेच फोटो फसतील, म्हणून सराव आधी रस्त्यावरच्या रिक्षांवर करावा.