वशिंडाचा मासा

मादी खडस (आपल्याकडचा निळसर परांचा महसीर मासा) हातात धरून तिच्या पोटावरून अंगठा हलकेच मागे ओढायचा. पिवळसर सोनेरी अंडी थाळीत सांडतात. मग नराचं पोट तसंच दाबून रेत काढायचं, दोन्ही अलगद मिसळायचं आणि माशांना परत पाण्यात सोडायचं. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७०च्या दशकात हे तंत्र बसलं. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तर ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानं पाठवून दाखवली. मासा पाण्याबाहेर तडफडतो आणि त्याची गाभोळी कापसात बसून विमानप्रवास करते! मला तरी हे वाचून खरं वाटेना.

त्याच काळात कर्नाटकात कावेरीकाठचे हौशी गळवाले काळजीत होते. नदीत महसीर कमी होत चालला होता. धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी, कारणं तीच. या नदीची शान म्हणजे नारिंगी परांचा, मानेमागे बैलासारखं वशिंड असलेला महसीर. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागलेला मासा १२० पौंडांचा होता, म्हणजे सुमारे ५४ किलो. एवढा मासा ओढायचा की त्याच्यामागे ओढलं जायचं?

उपाय सरळ होता. लोणावळ्याची बोटुकली आणून कावेरीत सोडायची. ती सोडली आणि जगलीही.

मासा धरायचा, वजन करायचं, नोंद करायची आणि परत सोडायचा, अशी तिथल्या गळवाल्यांची शिस्त होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्यांच्या नोंदी संशोधकांनी पुढे चाळल्या: २३,६२० तासांची मासेमारी, ६,१६१ महसीर, अर्ध्या किलोपासून ४६.८ किलोपर्यंतचे. वर्षागणिक गळाला लागणारे मासे वाढत होते. सरासरी आकार मात्र घटत होता. नुसता आकडा पाहिला तर कुणीही पेढे वाटले असते. पण वहीत माशांचे प्रकारही वेगळे लिहिलेले होते, आणि तिथेच गोम होती. वाढत होता तो निळसर परांचा, लोणावळ्याहून आलेला. वशिंडवाला जवळजवळ दिसेनासा झाला होता.

मला गळवाल्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी वह्या नेमानं भरल्या नसत्या तर ही अदलाबदल कळलीच नसती. ‘महसीर’ म्हणून सगळे एकाच टोपलीत मोजले गेले असते.

आपल्या खडशीला शास्त्रीय नाव १८३९ मध्येच मिळालं. कर्नल साइक्सनं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा पाहिला आणि इथल्या लोकांच्या तोंडचा ‘खुद्री’ शब्दच नावात घातला. कावेरीचं वशिंडवालं धूड मात्र दीडशे वर्षं गळवाल्यांच्या गप्पांत असूनही शास्त्राच्या लेखी बिनबारशाचंच. कावेरीच्या खोऱ्यातल्या, केरळातल्या पांबर नदीतल्या लहान माशांना २००७ मध्ये ‘टोर रेमादेवीआय’ म्हटलं गेलं होतं. पांबरचा तो आणि कावेरीचा हा एकच, हे २०१८ मध्ये पक्कं झालं. त्याच वर्षी धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत त्याच्या नावापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ असं लागलं.