किल्ल्यातला किल्ला

दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, स्टाउर नदीकाठी, हॉड हिल नावाची खडूच्या खडकाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर सुमारे २२ हेक्टर जागेला तट व खंदक यांचा वेढा आहे. लोहयुगात स्थानिक लोकांनी तो रचला. आपल्या गडांसारखे चिरेबंदी बांधकाम येथे नाही. खंदकातून निघालेला खडूच रचून तट उभा केला होता. आत गोल झोपड्यांची दाट वस्ती होती.

इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले. त्यानंतर थोड्याच काळात रोमनांनी याच किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यात लष्करी ठाणे वसवले. कोपराच का निवडला? तेथे उत्तर व पश्चिम बाजूंचा तट आयताच मिळत होता. नवा तट फक्त पूर्वेला व दक्षिणेला घालावा लागला. ठाण्यात काहीशेच सैनिक होते. एवढ्या माणसांनी सगळा जुना तट राखणे अशक्यच होते.

पण रोमनांनी किल्ला जिंकला कसा? इयान रिचमंड यांनी १९५१ ते १९५८ या काळात येथे उत्खनन केले. एका झोपडीच्या जागी यंत्राने फेकलेल्या बाणांची लोखंडी टोके एकवटलेली सापडली. हातघाईच्या लढाईच्या खुणा मात्र मिळाल्या नाहीत. यावरून रिचमंड यांनी अनुमान काढले, की रोमनांनी नेमका प्रमुखाच्या घरावर मारा केला आणि लोक शरण आले.

हे अनुमान पटण्यासारखे आहे, पण ते सिद्ध झाले आहे का? पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनने ब्रिटनमध्ये वीसहून अधिक ठिकाणे जिंकली, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. पण हॉड हिलचे नाव तो घेत नाही. लोखंडी टोके एवढेच सांगतात, की येथे यंत्राने मारा झाला. तो केव्हा झाला आणि कोणावर, हे ती सांगत नाहीत. वस्ती रिकामी झाल्यावर ठाण्यातल्या सैनिकांनी ओस झोपडीवर नेमबाजीचा सराव केला असता, तरी अशीच टोके उरली असती.

वर्गात फळ्यावर दोन रकाने आखा : ‘काय सापडले’ आणि ‘त्यावरून काय म्हणता येते’. वरची माहिती विद्यार्थ्यांना त्यांत भरू द्या. मग विचारा : आणखी काय सापडले, तर दोन शक्यतांपैकी एक बाद होईल?