घरची दुरुस्ती, घरचं शास्त्र (भाग ६) : हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

मागच्या भागात आपण फेव्हिक्विकची करामत पाहिली. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, त्यामुळे वाणगाव-डहाणूच्या दमट पट्ट्यात त्याचं चांगलंच फावतं. आज पाळी दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीची, म्हणजे ज्याला आपण सरसकट अरल्डाइट म्हणतो त्याची. इथे तोच ओलावा मुळावर येतो.

तक्रारी ठरलेल्या असतात. दुसरा दिवस उजाडला तरी बोटाला चिकचिक लागते. चिकटवलेला कपाचा कान आठवड्यात हातात येतो. दोन ट्यूबची झाकणं अदलाबदल झाली, तर पुढच्या वेळी ती उघडतच नाहीत.

पहिल्या तक्रारीचं मूळ बहुधा एका गैरसमजात असतं. हार्डनरला आपण विरजण समजतो : थोडं घातलं तरी लागतं आणि घाई असेल तर जरा जास्त घालायचं. पण हार्डनर रेझिनला नुसती चालना देऊन बाजूला होत नाही. तो स्वतः रेझिनच्या रेणूंना जोडला जातो आणि दोघांचं मिळून एक जाळं तयार होतं. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही, तो तसाच अडकून राहतो आणि जोड मऊ पडतो. इथे काही वाळत नसतं, त्यामुळे आठवडाभर वाट पाहूनही उपयोग होत नाही. खरवडून पुन्हा करणं एवढाच उपाय.

मोठ्या पॅकमध्ये १०० ग्रॅम रेझिन आणि ८० ग्रॅम हार्डनर असतो. हे पाहून अनेकजण गोंधळतात. हार्डनर वजनाला हलका असल्यामुळे आकारमानाने दोन्ही जवळपास सारखेच भरतात. म्हणून फरशीच्या तुकड्यावर सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या दोन रेघा ओढाव्यात. काट्यावर समसमान वजन केलं, तर हार्डनर जास्त पडतो. मग कडेचं खरवडून आत घेत, रेषा दिसेनाशा होईपर्यंत घोटावं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. हार्डनरमधली अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि वर मेणचट थर धरतो. आतला जोड घट्ट झाला असेल, तर हा थर कोमट पाण्याने पुसून निघतो. मातीची कुंडी मात्र आतून ओल धरून ठेवते, ती उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय ट्यूब उघडूच नये.

काही ठिकाणी चूक हाताची नसते, वस्तूचीच जात वेगळी असते. वाणगावच्या मिरचीच्या वाडीत ठिबकची काळी नळी फुटली की कुणीतरी इपॉक्सी लावून पाहतो. ती नळी पॉलिथिनची. तिला कुठलाच साधा गोंद धरत नाही, इपॉक्सीची खपली नखाने निघते. तिथे फुटका भाग कापून जॉइनर बसवावा. पाण्याची टाकी आणि प्लास्टिकची खुर्ची यांचंही तसंच.

राहिला कपाचा कान. गुळगुळीत चकाकीवर पकड कमी मिळते. शिवाय साधी इपॉक्सी पाणी उकळण्याच्या बरीच आधी मऊ पडू लागते, म्हणजे रोजचा गरम चहा त्या जोडाचा शत्रूच. खाण्यापिण्याच्या भांड्याला ती लावूही नये. त्या कपात पेनं ठेवा.

पुढच्या आठवड्यात : गळक्या नळाला एम-सील लावण्याआधी पाणी का बंद करावं?