पिझ्झा नव्हे, पामोलिन

जागतिकीकरणानं आपलं खाणं बिघडवलं असं म्हणताना बोट हमखास पिझ्झा-बर्गरकडे जातं. रोजच्या कढईकडे सहसा कुणी बघत नाही. या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : परदेशी खाणं १९९१ नंतर आलं.

मॅगी भारतात आली १९८३ मध्ये, म्हणजे उदारीकरणाच्या आठ वर्षं आधी. आणखी मागे जायचं तर एकादशीचं ताट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज काळातल्या व्यापारातून ते इकडे आलं. जिरं-तूप सोडलं तर खिचडीत आपलं जुनं असं फारसं काही उरत नाही. तरी ती उपासाला चालते, आणि कांदा-लसूण चालत नाही! तेव्हा बाहेरून आलेलं म्हणून वाईट, हा वाद मिटवून टाकू.

गैरसमज : बदल घडवला तो मॉलमधल्या दुकानांनी.

बदल आला तो १५ किलोच्या तेलाच्या डब्यातून. १९८६ मध्ये केंद्रानं तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, आयात खुली झाली. तेव्हा आयातशुल्क ६५ टक्के होतं, १९९८ पर्यंत ते १५ टक्क्यांवर उतरलं. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येणारा. अर्जेंटिना-ब्राझीलचं सोया, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल त्याच्या मागे.

‘आमच्या घरी पाम आणत नाहीत,’ असं बहुतेक घरांत सांगतात, आणि ते खरंही असतं. पण फरसाण, बिस्किटं, खारी, वेफर्स, नूडल्स यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांवर ‘खाद्य वनस्पती तेल’ आणि पुढे कंसात ‘पामोलिन’ किंवा ‘पाम’ सापडेल. तळणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. हे तेल स्वस्त पडतं, तापून तापून लवकर खराब होत नाही, माल कुरकुरीत राहतो आणि पटकन खवट होत नाही. पाच-दहा रुपयांचं पाकीट तालुक्याच्या टपरीपर्यंत परवडतं ते यामुळे. पिझ्झाचं दुकान तिथवर अजून पोचलेलं नाही; पामोलिन केव्हाच पोचलं.

गैरसमज : म्हणजे पामतेल हे विषच.

तसं नाही. पामतेलात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते. शेंगदाणा तेलापेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. पण खोबरेल तेलात ते त्याहूनही जास्त असतं, आणि कोकण पिढ्यान् पिढ्या नारळ खात आलंय. खरी अडचण एकूण तेलाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीचा हिशेब माणशी वर्षाला १२ किलोच्या आसपास येतो. आपण खातो १९-२० किलो. तेल स्वस्त झालं की हात सैल सुटतो, आणि विकतच्या पदार्थातलं तेल तर मोजायला आपल्याला दिसतही नाही.

गैरसमज : हे शहरी, खात्यापित्या घरांचं दुखणं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं; आधीच्या फेरीत हा आकडा २०.६ होता. कुपोषण हटलं नाही आणि लठ्ठपणा आला. स्वस्त तेल, मैदा आणि साखर यांनी पोट भरतं. डाळ, अंडी, भाजी, फळं मात्र महागच राहतात.

आणि डाळ तरी पूर्ण आपली कुठे? वरणातली तूर म्यानमारची किंवा आफ्रिकेतली असू शकते. मोझांबिकशी तर २०१६ मध्ये सरकारनं तुरीच्या खरेदीचा करारच केला.

गैरसमज : जागतिकीकरण म्हणजे खुला बाजार, सरकारच्या हातात काही नाही.

हा सगळ्यांत पक्का आणि सगळ्यांत चुकीचा समज. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं आपल्या देशातले भाव आवरायला पामतेलाची निर्यातच थांबवली. डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं कांदा निर्यातीवर बंदी घातली, लासलगावात लिलाव बंद पडले. बंदी उठली ती थेट मे २०२४ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्के झालं, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आलं. मधल्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि मराठवाडा-विदर्भातले शेतकरी त्याहून कितीतरी कमी भावानं माल घालत होते. शुल्क कमी केलं की गिऱ्हाईक खूश, वाढवलं की सोयाबीनवाला खूश, असं सोपं गणित मांडलं जातं. प्रत्यक्षात २०२४ मध्ये शुल्क वाढूनही शेतकऱ्याला हमीभाव मिळाला नाही, कारण सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के. बाकी सगळी पेंड. तिला बाहेर उठाव नसेल तर नुसत्या तेलाच्या भावानं सोयाबीन वर येत नाही.

या खेळात करडई आणि जवस कधी मागे पडले, त्याची दखलही कुणी घेतली नाही. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात करडई रब्बीचं हुकमी पीक होती. पुढे तिचं क्षेत्र आकसत गेलं. ते पिझ्झ्यानं आकसवलेलं नाही. स्वस्त आयात तेलापुढे तिला टिकाव धरता येईल अशी खरेदी कुणी उभी केली नाही, म्हणून ते आकसलं.

तेव्हा आयातशुल्काची बातमी व्यापाराच्या पानावर आली म्हणून पान उलटू नका. ती आपल्या स्वयंपाकघराची बातमी असते.